चांदणी कासराभर वर

हिंगोली जिल्ह्यात मुद्दाम फिरायला कोणी येत नाही, हे मला तिथल्याच एका रिक्षावाल्यानं सांगितलं. वारंगा फाट्यावर उतरून मी बॅग त्याच्या रिक्षात टाकली, तेव्हा त्यानं आरशातून मला नीट निरखून घेतलं.

"देवाला येतात, लग्नाला येतात, न्हाईतर बदलीवर येतात," तो म्हणाला. "तुमी कशातले?"

"मी एक चूक दुरुस्त करायला आलोय."

"मंग बदलीतलेच," म्हणून त्यानं गाडी सुरू केली.

चूक बारा वर्षांपूर्वीची होती आणि माझ्या स्वतःच्या अक्षरात होती. ती आधी सांगितली पाहिजे, नाहीतर होळीच्या तोंडावर साताऱ्याचा एक निवृत्त माणूस पुरणपोळी सोडून चौदा तास एसटीत का बसला, याचा उलगडा व्हायचा नाही.

माझी नोकरी वर्दीतली. आमच्याकडे घरटी एक फौजी, त्यामुळे सुट्टीवर गेलो की लोक लढाईच्या गोष्टी विचारायचे आणि मी त्या तोंड भरून सांगायचो. खरं म्हणजे मी कचेरीतला कारकून. सरावाच्या मैदानावर मी झाडलेली एक गोळी शेजारच्याच्या निशाणाला बरोबर मधोमध लागली होती. माझ्या शौर्याची नोंद तेवढीच. आमच्या कचेरीकडे एक वेगळं काम यायचं. आभाळात कुणाला काहीतरी दिसलं आणि ते काय ते कळलं नाही, की त्याची चौकशी. हसू नका. कुणाचं यंत्र भरकटून आलं का, कुणी मुद्दाम सोडलं का, हे लष्कराला बघावंच लागतं. दहातल्या नऊ वेळा निघायचं काय? हवामानाचा फुगा, लग्नातला लेसरचा झोत, दिवाळीतला उडता कंदील. आणि सगळ्यांत जास्त वेळा शुक्र. शुक्रानं आमच्या खात्याला जेवढं पळवलं, तेवढं शत्रूनंही नसेल.

बारा वर्षांपूर्वी माघ महिन्यात कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरून खबर आली. थावरू नावाच्या शेतकऱ्यानं पहाटे गव्हाला पाणी देताना आभाळात एक पिवळा गोळा पाहिला होता. आमचे कॅप्टन साहेब आणि मी जीपमधून गेलो. साहेबांना मराठी येत नव्हतं, आणि मला येतं असा माझा समज होता. मी प्रश्न विचारायचे, उत्तरं छापील फॉर्मात भरायची. त्यात एक रकाना होता: वेळ, तास आणि मिनिटं.

"किती वाजता दिसलं?" मी विचारलं.

"चांदणी कासराभर वर आलती," थावरूबाबा म्हणाले. "तिच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर येऊन थांबलं ते."

"ते ठीक आहे. पण घड्याळात किती?"

"घड्याळ कुठून आणू साहेब? चांदणी सांगून राहिलो ना."

कासरा म्हणजे बैलाची दोरी. क्षितिजापासून शुक्राची चांदणी एका दोरीइतकी वर चढली, म्हणजे किती वाजले? मी हिशोब केला, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि रकान्यात लिहिलं: ०४:५०. चांदणीला रकाना नव्हता, म्हणून चांदणी गाळली. आठवड्यानं साहेबांनी पंचांगासारखं एक जाड पुस्तक उघडलं, त्या वेळी पूर्वेला काय होतं ते पाहिलं, आणि शेरा मारला: साक्षीदारानं पाहिला तो शुक्र ग्रह. प्रकरण बंद.

ज्या माणसानं शुक्राकडे बघून वेळ सांगितली, त्यानं शुक्र ओळखला नाही, असा निकाल आम्ही दिला. आणि त्यानं शुक्र ओळखला होता, याचा एकुलता एक पुरावा मी खोडून टाकला होता.

हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते गेल्या माघात, भाजी निवडत बसलो असताना फोन आला तेव्हा. बारा वर्षांपूर्वी निघताना ऐटीत एका चिठ्ठीवर मी माझा नंबर लिहून दिला होता, 'पुन्हा काही दिसल्यास कळवणे.' फोन थावरूबाबांच्या सुनेचा होता. सुनीता तिचं नाव, अंगणवाडीत शिकवते.

"बाबा इचारून राहिले," ती म्हणाली, "मी त्या दिवशी चांदणीचं नाव घेतलं व्हतं का न्हाई? तुमाला याद हाये का?"

मग तिनं हळूहळू सगळं सांगितलं. बंजाऱ्यांची होळी आपल्यासारखी संध्याकाळी पेटत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे पेटते. पूर्वी तांड्याची होळी कधी पेटवायची ते थावरूबाबा आभाळ बघून सांगत. त्यांच्या आजानं बैलांवर धान्याच्या गोण्या लादून मुलूख पालथा घातला होता, चांदण्या बघूनच मुक्काम हलायचा, आणि ती विद्या घरात उतरली होती. आमचा कागद आला, चावडीवर वाचला गेला, आणि लोक म्हणाले, ज्याला शुक्र कळंना त्याच्या सांगण्यावर होळी कशाला पेटवायची? तेव्हापासून मोबाइलच्या गजरावर पेटते. आता बाबांना काचबिंदू झालाय. उजेड-अंधार एवढंच कळतं. तर लोक म्हणतात, याला तेव्हापासूनच दिसत नव्हतं.

"एक डाव तरी खरं काय ते सगळ्यांम्होरं निघावं, येवढंच म्हणून राहिले ते," सुनीता म्हणाली.

मी छाती फुगवून म्हणालो, "ताई, काळजी सोडा. होळीला मी स्वतः येतो. शिक्क्याचा कागद घेऊन येतो."

शिक्का कुणाच्या बापाचा? मी जुन्या कचेरीत गेलो. तिथल्या चुणचुणीत पोरानं संगणकात पाहिलं आणि सांगितलं, "काका, बंद झालेल्या जुन्या फाइली निकालात काढल्या. असं प्रकरणच नाही आमच्याकडे." म्हणजे आता ते प्रकरणसुद्धा ओळख न पटलेलं झालं होतं. ट्रंक उपसली, तेव्हा माझी लाल पुठ्ठ्याची खिशातली डायरी तेवढी सापडली. तिच्यात पेन्सिलीनं कच्चं टिपण होतं: 'चांदणी कासराभर वर. तिच्या डाव्या अंगाला, हातभर.' शिक्का नाही, हे फोन करून सांगायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून डायरी घेऊन मीच निघालो.

होळीच्या आदल्या दिवशी

रिक्षावाल्याला मी फक्त "तांड्यावर" एवढंच सांगितलं होतं. या भागात प्रत्येक टेकडीआड एक तांडा आहे, हे त्यानं मला सांगितलं नाही, आणि त्यातला कुठला, हे मी त्याला सांगितलं नाही. पहिल्या तांड्यावर मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, गुळाचा चहा दिला, आणि चहा संपल्यावर विचारलं, "कोन पायजे?" आमच्या गावाकडे उलटं असतं. आधी कोण पाहिजे, मग कशाला पाहिजे, आणि उत्तर पटलं तर पाणी. दुसऱ्या तांड्यावरही चहा झाला. तिसऱ्या तांड्यावर पोचेपर्यंत माझ्या पोटात गुळाची ढेप झाली होती, रस्ता संपला होता आणि रिक्षावाल्याशी माझं नातं जुळल्यासारखं झालं होतं.

त्या माळावरचं ऊन मी विसरणार नाही. फेब्रुवारी सरला की आमच्याकडे डोंगर करपतात. इथे सगळा मुलूख पिवळा होत होता. जिकडेतिकडे हळद काढणं चाललेलं. शेताच्या कडेला लोखंडी कढया आणि पिंपं, खाली जाळ, आणि त्यातून उठणारी वाफ माळावर सरकत जायची. वाऱ्याबरोबर उग्र, मातकट वास. दूरची माणसं त्या वाफेत अर्धी दिसायची, अर्धी नाही. पाण्याखालून चालल्यासारखी. मला वाटलं, असल्या ठिकाणी आभाळात पिवळं काही दिसलं, तर त्यात नवल काय? मग स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटली. बारा वर्षांपूर्वी नेमका हाच विचार करून मी जीपमध्ये डुलकी काढली होती.

थावरूबाबा अंगणात बाजेवर बसले होते. उंच, काटक, पांढरा फेटा, मान किंचित वर. आंधळी माणसं बहुधा मान खाली घालतात. यांची आभाळाकडे राहिलेली.

"आले का साहेब?" त्यांनी विचारलं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"कसं ओळखलंत बाबा?"

"बुटाचा आवाज. आमच्या इथं उन्हाळ्याचं असलं बूट घालून कोन फिरते?" आणि ते खळखळून हसले. "कागद आणला का?"

मी काय म्हणालो असेन? "जेवण झाल्यावर दाखवतो," म्हणालो. भित्रा माणूस नेहमी जेवणामागे लपतो.

जेवणात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा. मी साताऱ्याच्या तिखटाच्या बढाया मारल्या आणि मोठा घास घेतला. पुढची दहा मिनिटं मी काही बोलल्याचं आठवत नाही. सुनीतानं गूळ पुढे केला आणि तोंड पदराआड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

दिवस बुडाल्यावर सगळीकडे निळसर उजेड होता, तेव्हा एक गोष्ट घडली. सुनीता अंगणाच्या कडेला जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली, खूप वेळ. मग मागे वळून म्हणाली, "बाबा, बुडाली."

बाबांनी समाधानानं मान डोलावली.

मला वाटलं विहिरीत बादली बुडाली. मी मदतीला उठलोसुद्धा. दोघंही काही बोलेनात, तेव्हा खाली बसलो. विचारायची लाज वाटली. फौजी माणसानं सारखं काय विचारायचं?

होळीचा दिवस

सकाळी मी मदत करतो म्हणून हळद शिजवायला गेलो. तिथे माझं काम एकच होतं, वाटेत न येणं. तेही जमलं नाही. शिजलेली हळद खळ्यावर पसरली होती, आणि दमून मी जिथे टेकलो, ते खळंच होतं. उठलो तेव्हा माझ्या पांढऱ्या पँटचं मागचं अंग नवरदेवासारखं झालं होतं. बायका पदर तोंडात धरून हसल्या. एक म्हातारा गडी जवळ आला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, लगीन कधी?"

हा गोपा. थावरूबाबांच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा सोबती. बाबांना 'चांदणीवाला' हे नाव ठेवणाराही तोच, आणि होळीचा गजर लागतो तो मोबाइलही त्याच्याच नातवाचा.

"शिक्क्याचा कागद आणला म्हने तुमी?" गोपा म्हणाला. "तांड्याच्या नाईकानं सांगितलं हाये, उंद्या पहाटे होळीम्होरं वाचायचा. समदा तांडा ऐकंल. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो.

दुपारी मी बाबांजवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. फाइल नाही. शिक्का नाही. एक जुनी डायरी आहे, तीही पेन्सिलीची. बोलताना माझा आवाज वर्दीतल्यासारखा निघेना.

वाफ आमच्या अंगावरून जात होती.

"डायरीत काय लिवलंय?" बाबांनी विचारलं.

मी वाचलं. चांदणी कासराभर वर. तिच्या डाव्या अंगाला, हातभर.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजे मी म्हनलो व्हतो," बाबा म्हणाले. "बारा वर्सं झाली साहेब. लोक इतक्यांदा म्हनले का मलाच वाटाया लागलं, म्हनलो नसन. आपुनच चुकलो असन." त्यांनी डायरी मागितली आणि दोन्ही हातांत धरून बसले. "काहून गाळलं मंग?"

"रकाना नव्हता," मी म्हणालो.

हे उत्तर बारा वर्षं कचेरीत चाललं असतं. त्या अंगणात ते उच्चारल्यावर इतकं केविलवाणं वाटलं की मी पँटवरची हळद झटकत बसलो. ती काही निघाली नाही.

"काय होतं ते, बाबा?" मी विचारलं. खरं सांगायचं तर हा प्रश्न मी त्यांना पहिल्यांदाच विचारत होतो. तेव्हा फॉर्ममध्ये रंग, आकार, आवाज, दिशा असं सगळं होतं. नुसतं 'काय होतं' हे कुठेच नव्हतं.

"मला काय ठाव?" बाबा म्हणाले. "शिरड गावाच्या अंगानं आलं. पिकल्या भोपळ्यायेवढं, हळदीच्या रंगाचं. आवाज न्हाई, काई न्हाई. डोक्यावरून गेलं, तर पाटातल्या पान्यात बी दिसलं. मंग चांदणीपाशी जाऊन उभं राहिलं. दोघी बहिनी बोलत असल्यावानी. मला भेव वाटलं न्हाई. फावडं खाली ठिवलं. मंग ते हळूहळू इझलं, आन् चांदणी एकटीच राहिली." थोड्या वेळानं म्हणाले, "लय बरं वाटलं व्हतं बघा. म्हनून तर सांगाया गेलो. न्हाईतर पोलिसात कोन जातंय?"

चौकशी अशी करायची असते, हे मला निवृत्तीनंतर चार वर्षांनी समजलं.

होळीची पहाट

सुनीतानं उठवलं तेव्हा पुनवेचा चांद मावळतीला गेला होता आणि सगळा माळ दुधात भिजवल्यासारखा दिसत होता. तांड्याबाहेर लाकडं, गोवऱ्या आणि एरंडाची फांदी रचलेली. गडी एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, आणि मधून लेंगी गीतं. एक बाजू टोमणा मारायची, दुसरी त्याला गाण्यातच उत्तर द्यायची. मला त्यांची गोरमाटी बोली कळत नाही. पण एका कडव्यानंतर सगळ्यांनी माझ्या पँटकडे पाहिलं, तेव्हा विषय समजला.

नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख, शांत, जाड मिशांचा माणूस. त्यानं हात वर केला, गाणी थांबली. मी पुढे झालो. मोबाइलच्या उजेडात डायरीतली दोन वाक्यं वाचली आणि म्हणालो, थावरूबाबांनी चांदणीचं नाव घेतलं होतं, ते मी गाळलं, चूक माझी.

मग गोपाचा आवाज आला.

"शिक्का?"

"शिक्का नाही."

"डायरी तुमची, अक्षर तुमचं, आन् भाकर खाल्ली थावऱ्याच्या घरची." लोक हसले. गोपा वाईट माणूस नव्हता, पण त्याला हशा पिकवायची सवय होती. "आता म्हाताऱ्याच्या मनाला बरं वाटावं म्हून कोन बी काई बी लिवंल. बराबर का न्हाई?"

त्यात खोटं काय होतं? मी बाबांकडे पाहिलं. ते हातातली काठी फिरवत होते. ज्यासाठी मी आलो होतो ते माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा वाहून चाललं होतं, आणि बाबांची ही शेवटची होळी असेल-नसेल. मी घाबरलो. घाबरलो की मी ज्ञान पाजळतो, हा माझा जुना आजार आहे.

"अहो, मी आयुष्यभर हेच काम केलंय!" मी ओरडलो. "शुक्र कसा दिसतो ते मला विचारा! ती बघा!" आणि पूर्वेकडे बोट केलं. बाभळीच्या शेंड्याखाली, क्षितिजाला लागून, पांढरी, टपोरी, स्वच्छ. "ती बघा चांदणी! आता तिच्या डाव्या अंगाला हातभर काही आलं, तर माणसाला दोन वेगळ्या गोष्टी कळणार नाहीत का?"

शंभरभर माना पूर्वेला वळल्या.

"व्हय की," कोणीतरी म्हणालं.

"चांदणीच हाये," गोपासुद्धा म्हणाला. "ते कोन न्हाई म्हनतंय?"

"कुठं?" थावरूबाबांनी विचारलं.

"पूर्वेला बाबा. बाभळीच्या खाली."

"लुकलुक करून राहिली का थीर हाये?"

"एकदम स्थिर. शुक्र लुकलुकत नाही," मी मास्तरासारखा म्हणालो.

बाबांचा चेहरा हलायला लागला. आधी मिशा, मग गाल. मग ते इतके हसले की त्यांना काठी धरून खाली बसावं लागलं.

"अरे, या सालाला चांदणी सांजची हाये!" ते म्हणाले. "रोज सांजच्याला सून मला सांगती, बाबा, बुडाली म्हून. काल बी बुडाली. परवा बी बुडाली. सांजच्याला मावळतीला बुडनारी, पहाटं उगवतीला काहून येईल? दोन घरी नांदती का ती? तुमी जे बघून राहिले ते वारंगा फाट्यावरचा नवा दिवा हाये. उंच खांबाचा. दिवाळीपून लागलाय."

मी बोट खाली घेतलं नव्हतं. ते तसंच राहिलं हवेत.

आणि त्याच वेळी लाइट गेली. तांड्यावरचे दोन दिवे गेले, पलीकडच्या गावातले गेले, आणि माझी चांदणी, टपोरी, स्वच्छ, स्थिर, फटकन विझली.

असं हसणं मी कुठे ऐकलं नाही. माळभर गेलं ते. बाया एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. कुत्री भुंकायला लागली. मी बोट खिशात घातलं.

सगळ्यांत शेवटी हसायचा थांबला तो गोपा. डोळे पुसत तो बाबांपाशी गेला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"थावऱ्या," तो म्हणाला, "मी बी चांदणीच म्हनलो रे."

"ऐकलं."

"मला दोन डोळे हायेत."

"ते बी ठाव हाये मला."

गोपानं नातवाच्या हातातला मोबाइल घेतला, बंद केला आणि खिशात टाकला. नाईक पुढे आला. त्यानं फेटा सारखा केला.

"बाबा," तो म्हणाला, "येळ झाली का?"

थावरूबाबा उठले. मान वर करून दक्षिणेकडे वळले, जणू तिकडून कोणी हाक मारली होती.

"साहेब, इकडं या. या सालाला चांदणी न्हाई, तर विंचू बघू. दिसला का विंचू?"

दिसत होता. वृश्चिक राशीचा तो विंचू, चांदण्यातसुद्धा लालसर काळीज असलेला, वळलेला, अख्खा आभाळभर.

"नांगी कुठवर आली?"

मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघणार होतो. शपथेवर सांगतो, हात उचललासुद्धा. मग खाली सोडला.

"टेकडीच्या वर," मी म्हणालो. "दीड-एक हात. नांगीचं टोक पिंपळाच्या शेंड्याला टेकलंय."

"टेकलंय का अजून राह्यलंय? नीट बघा."

मी नीट पाहिलं. इतकं नीट मी सबंध नोकरीत काही पाहिलं नव्हतं. सगळा तांडा श्वास धरून उभा होता, आणि मी, ज्याला वारंग्याचा दिवा ओळखता आला नाही, एका आंधळ्या माणसाचे डोळे झालो होतो.

"बोटभर राहिलंय," मी म्हणालो.

आम्ही थांबलो. वारा पडला होता. कुठेतरी कढईखालचा कालचा निखारा धुमसत होता, हळदीचा वास येत होता. चांदण्या सरकताना दिसत नाहीत म्हणतात. मला त्या पहाटे दिसल्या.

"टेकलं," मी म्हणालो.

"लावा," थावरूबाबा म्हणाले.

परतीचा रस्ता

लोक मला विचारतात, तुम्ही ते मुद्दाम केलंत ना? बायकोनंही विचारलं. सुनीतानं तर मी निघताना पाया पडून विचारलं, "बाबासाठी केलं ना साहेब?" मी गूढ हसलो. म्हणजे हसायचा प्रयत्न केला. आता लिहायला बसलोय तर खरं लिहितो: मला खरोखरच ती चांदणी वाटली होती. इतकं चांगलं काम मला ठरवून कधीच जमलं नसतं.

संध्याकाळी गोपा स्वतः मला मोटारसायकलवर वारंगा फाट्याला सोडायला आला. उंच खांबाखाली गाडी थांबवली, वर बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुमची चांदणी. काय इचारायचं आसंल तर इचारून घ्या." मी बुटांच्या टाचा जुळवून खांबाला कडक सलाम ठोकला. शेजारच्या हॉटेलातले दोन ट्रक ड्रायव्हर माझ्या पँटचं पिवळं मागचं अंग बघत राहिले.

एसटीला उशीर होता. बाकावर बसून मी लाल डायरी काढली. बाबांनी ती परत देताना म्हटलं होतं, यात आता पहाटंचं बी लिवा. मी रकाने आखले. साक्षीदार: थावरूबाबा. ठिकाण: तांडा. काय घडलं: होळी पेटली. आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं: विंचवाची नांगी पिंपळाच्या शेंड्याला टेकली तेव्हा.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. कधी निघणार, विचारत होती. मी पश्चिमेकडे पाहिलं. माळाच्या कडेला, धुरकट नारिंगी उजेडात, एक पांढरा ठिपका होता. आता मी शहाणा झालो होतो. लगेच काही म्हणालो नाही. "थांब," म्हणालो, "खात्री करून घेतो."

नशीब माझं, त्याच वेळी पुन्हा लाइट गेली. फाट्यावरची दुकानं गेली, उंच खांब गेला, अंधार झाला.

ती राहिली.